लॉरीवाल्यांचा पंतोजी

काशीतल्या आमच्या दुर्गाघाटाच्या गल्लीत समोरून गाय आली की माणसानं मागं सरून कुणाच्या तरी ओट्यावर चढायचं, एवढा एकच वाहतुकीचा नियम मला लहानपणापासून ठाऊक होता. चाकाची म्हणून कुठलीच वस्तू आमच्या दारापर्यंत येऊ शकत नसे. नवी नवरी पायी यायची, गव्हाची पोती हमालाच्या पाठीवरून यायची आणि आजारी माणूस डोलीतून वैद्याकडं जायचा. अशा गल्लीत वाढलेल्या आणि मोटारीच्या नुसत्या वासानं पोटात ढवळणाऱ्या माणसानं पुढं दांडग्या लॉरी-ड्रायव्हरांना रस्त्यावर जपून कसं राहावं हे शिकवलं. तेही पुष्कळ वर्षं. कुणी कसं चालू दिलं, देव जाणे.

घर आमचं वैदिकांचं. वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू. ते मीमांसा शिकलेले. रामघाटापासून आमच्या घाटापर्यंतच्या मराठी घरांत कुठल्याही विधीवरून वाद पडला की अण्णांना बोलावणं यायचं. मला त्यांनी रामघाटावरच्या वेदशाळेत घातलं. आवाज खणखणीत असल्यामुळं सुरुवातीला माझ्याबद्दल सगळ्यांना फार आशा वाटली. पण पाठ केलेलं ऐनवेळी मधूनच गळून पडायचं, ही माझी खोड. एका मोठ्या घरच्या शांतीला मी एका मंत्रातून भलत्याच मंत्रात शिरलो, आणि तोही इतक्या ठणठणीत आवाजात की बाकीचे ब्राह्मणसुद्धा माझ्यामागं तिकडंच गेले. तिथून परत यायला बराच वेळ लागला. घरी परतल्यावर दारात पाय धुताना अण्णा एवढंच म्हणाले, "तू इंग्रजी शाळेत जा."

इंग्रजी जेमतेम आलं. तेवढ्यावर चौकाघाटाच्या बाजूला एका लॉरी कंपनीत मला चिकटता आलं. कंपनी म्हणजे पत्र्याची एक मोठी शेड, चार-दोन लॉऱ्या आणि साहुजी. साहुजी म्हणजे मालक. तोंडात कायम पान, त्यामुळं ते बोलण्याआधी मान वर करून हनुवटी आभाळाकडं न्यायचे, मग बोलायचे. सरकारी कागद इंग्रजीत येत, ते वाचून सांगायला त्यांना माणूस हवा होता. लढाईचे दिवस होते. पेट्रोल मिळत नव्हतं, म्हणून लॉऱ्यांच्या पाठीला कोळशाची भट्टी बसवून तिच्या गॅसवर गाड्या पळवत. पळवत म्हणजे काय, ढकलत. मी शेडच्या कोपऱ्यात, भट्टीपासून जमेल तितक्या लांब बसून कागद वाचायचो आणि खूश होतो.

एक दिवस मोटार-इन्स्पेक्टर आले. बंगाली गृहस्थ, खाकी टोपी, कायम थकलेला चेहरा. त्यांनी लॉऱ्यांचे ब्रेक पाहिले, दिवे पाहिले आणि साहुजींना म्हणाले, "गाडी ठीक है. ड्राइवर को नियम कौन सिखाता है?"

साहुजींनी हनुवटी वर केली. "हुज़ूर, सीखे-सिखाए आते हैं."

"नहीं चलेगा. सिखाने के लिए एक आदमी रखो. हम आकर इम्तहान लेगा. पास नहीं हुए तो परमिट में मुश्किल होगा."

साहुजींनी शेडभर नजर फिरवली. चुरगळलेल्या कागदांमागं दडायचा मी प्रयत्न केला, पण शेंडी वर राहिली असावी. "हैं न हमारे पंडितजी!" साहुजी म्हणाले. "काशी के पंडित हैं. वेद पढ़े हैं. मोटर का क़ायदा क्या चीज़ है!"

इन्स्पेक्टरांनी माझ्याकडं पाहिलं आणि टोपी घातली.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती नागपूरकडची, मोठ्या रस्त्यांच्या गावातली. तिनं माहेरी सायकलसुद्धा चालवली होती, ही गोष्ट आमच्या घरात अण्णांपासून लपवलेली होती. ती आधी पोट धरून हसली, मग म्हणाली, "अहो, पण तुम्ही मैदागिनचा रस्ता ओलांडताना माझा हात धरता."

"शिकवायला ओलांडावं लागत नाही," मी म्हणालो.

सरकारनं नियमांचं इंग्रजी पुस्तक पाठवलं होतं. त्याचं हिंदी करायला मी बसलो. माझी हिंदी म्हणजे घरातली मराठी, गल्लीतली बनारसी आणि वेदशाळेतलं संस्कृत यांची खिचडी. पण कागदावर उतरताना तिनं एकदम भगवं वस्त्र नेसलं. पहिल्या दिवशी शेडमध्ये बाकांवर ड्रायव्हर बसले. त्यांतले दोघे मला अजून डोळ्यांसमोर दिसतात. एक मेंदी लावलेल्या दाढीचे चाचा, सगळ्यांत जुने. दुसरा पहलवान, सकाळी आखाड्यात माती अंगाला लावायचा आणि तीच थोडी कानात घेऊन कामावर यायचा. मी उभा राहिलो, घसा साफ केला आणि वाचलं, "चालक को उचित है कि वह समस्त परिस्थितियों में वाहन की गति को इस प्रकार नियंत्रित रखे कि सम्मुख आने वाले किसी प्राणी को क्षति न पहुँचे."

चाचांनी अदबीनं विचारलं, "पंडितजी, ये बाद में हिंदुस्तानी में भी होगा?"

पहलवान तोवर झोपला होता. बाकाला टेकून, हात छातीवर, चेहऱ्यावर असं समाधान की उठवायचं माझ्या जिवावर आलं.

दुसरा विषय हाताच्या इशाऱ्यांचा. त्या वेळी लॉरीला वळायचं असलं की ड्रायव्हरनं उजवा हात खिडकीबाहेर काढून दाखवायचं. उजवीकडं वळायचं तर हात आडवा सरळ, थांबायचं तर कोपरातून उभा, सावकाश जायचं तर तळवा खाली करून वरखाली, आणि डावीकडं वळायचं तर हात लांब करून गोल फिरवायचा. पुस्तकात चित्रं होती. मी रोज संध्याकाळी गच्चीवर जाऊन सराव करू लागलो. बायको वाळवण काढता काढता पुस्तक धरून उभी राहायची आणि हुकूम सोडायची, "थांबा! डावीकडं! आता सावकाश!" मी गंगेकडं तोंड करून हात फिरवायचो. आमच्याकडं गच्च्या एकमेकींना खेटून. शेजारचे वृद्ध भटजी त्याच वेळी त्यांच्या गच्चीवर संध्या करायचे. त्यांनी काही दिवस पाहिलं आणि मग खाली गल्लीत अण्णांना गाठलं.

"चिरंजीव हल्ली कुठली उपासना करतात? मुद्रा नवीन दिसतात."

अण्णा वर आले. मी नेमका हात गोल फिरवत होतो. बायकोनं पुस्तक पदराखाली घातलं.

"हे काय चाललंय?" अण्णांनी विचारलं.

"डावीकडं वळतोय."

अण्णांनी गच्चीच्या डावीकडं पाहिलं. तिकडं कठडा होता आणि खाली घाट. "वळू नकोस," म्हणाले आणि खाली गेले. त्यानंतर काही दिवस ते मला लॉरीवाल्यांचा पंतोजी म्हणत. त्यात कौतुक नव्हतं.

इकडं साहुजींना एक कल्पना सुचली. शिकवलेलं ड्रायव्हर रस्त्यावर पाळतात की नाही, हे मी प्रत्यक्ष लॉरीत बसून पाहावं. मी म्हटलं, माझी प्रकृती. साहुजी म्हणाले, हवा लगेगी. म्हणून पहलवानाबरोबर मला जौनपूरला धाडण्यात आलं. पहलवानाच्या शेजारी बसणं म्हणजे भिंत आणि दार यांच्या फटीत उभं राहणं. मी एका हातात लिंबू धरलं होतं, ते हुंगत होतो, आणि दुसऱ्या हातानं जिथं जे मिळेल ते धरत होतो. पहलवान बिचारा दर वळणावर मला दाखवून इशारा करायचा. "देखिए पंडितजी, बायाँ!" मी डोळे मिटूनच म्हणायचो, "उत्तम." जाताना रस्त्यात मी कितीदा उतरलो ते सांगण्यासारखं नाही.

येताना लॉरीत बटाट्याची पोती होती. ऊन चढलं होतं. पिंडऱ्याच्या अलीकडं, रस्त्याकडेच्या एका महुआच्या झाडाखाली कुणी म्हातारा ब्राह्मण हात वर करून उभा दिसला. डोक्यावर उपरणं, खांद्याला शिधा बांधलेलं गाठोडं, पायाशी भला मोठा भोपळा. मी लिंबू बाजूला केलं आणि पाहिलं. ते अण्णा होते.

ते तिकडच्या एका जमीनदाराकडं अनुष्ठानाला गेले होते, हे मला ठाऊक होतं. जमीनदाराच्या बैलगाडीनं त्यांना स्टेशनावर उशिरा सोडलं आणि आगगाडी निघून गेली, हे मला त्या झाडाखाली समजलं. पहलवानानं लॉरी थांबवली. अण्णांनी आधी लॉरी पाहिली, मग मला पाहिलं.

"बरं झालं, तू भेटलास," ते म्हणाले. "हा भोपळा घे."

मी भोपळा घेतला नाही. मालाच्या लॉरीवर सवारी घ्यायची नाही, हा नियम मीच मोठ्या आवाजात शिकवत होतो. आणि त्या दिवशी इन्स्पेक्टर शिवपूरच्या रेल्वे फाटकाशी तपासणीला उभे राहणार, असं आम्हांला जौनपूरला कळलं होतं.

"अण्णा," मी म्हणालो, "ही मालाची लॉरी आहे. हिच्यात सवारी चालत नाही."

"सवारी म्हणजे काय?" अण्णांनी विचारलं. वाद निघाला की त्यांचा आवाज खाली यायचा आणि डोळे चमकायचे. ऊन, भूक, भोपळा, सगळं ते विसरले.

"जो बसतो तो."

"मग हा चालवणारा उभा राहून चालवतो?"

"तो चालक. सवारी वेगळी."

"आणि तू?"

"मी कंपनीचा माणूस."

"मी कंपनीच्या माणसाचा बाप."

पहलवानाला मराठी येत नव्हती, पण मजा येत होती. तो स्टिअरिंगच्या चाकावर कोपरं टेकून आळीपाळीनं आमच्याकडं पाहत होता.

"भाडं देतो ती सवारी," अण्णा पुढं म्हणाले. "मी भाडं देणार नाही. तेव्हा मी सवारी नाही. पोत्यावर बसेन. पोत्यावर जे असतं ते माल."

"अण्णा, तुम्ही बटाटा नाही."

"ते तू सिद्ध कर."

वादात मी अण्णांपुढं कधीच टिकलो नव्हतो. पण शिवपूरचं फाटक माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. "का करीं, पंडितजी?" पहलवानानं विचारलं. आता मी जे केलं त्यात निष्ठा किती आणि भीती किती हे मला आजही वेगळं करता येत नाही. मी लॉरीतून उतरलो, भोपळा उचलला आणि पहलवानाला म्हणालो, "तुम चलो. हम बाबूजी के साथ एक्के से आएँगे."

लॉरी गेली. अण्णांनी विचारलं, "म्हणजे तुला बसायची परवानगी होती, आणि तू उतरलास?"

"हो."

"यात कुणाचं काय साधलं?"

मी भोपळा या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला.

बऱ्याच वेळानं एक एक्का मिळाला. तो आधीच भरलेला होता. एक दूधवाला आपल्या रिकाम्या हंड्यांसह, एक जाडगेली बाई, तिचा नवरा आणि एक्केवाला स्वतः. आम्ही, गाठोडं आणि भोपळा त्यात चढलो. माझे पाय बाहेर लोंबत होते, भोपळा मांडीवर होता, आणि घोडं आमच्याकडं वळून वळून पाहत होतं. मी शिकवत असलेला एकही नियम त्या एक्क्यात पाळलेला नव्हता. मात्र मळमळत नव्हतं, हे कबूल केलं पाहिजे.

शिवपूरच्या फाटकाशी आलो तर आमची लॉरी अजून तिथंच. वाटेत भट्टी विझून पहलवान उशिरा पोचला होता आणि आता इन्स्पेक्टर तीच तपासत होते, म्हणून अडकला होता. पुढं त्यानं सांगितलं की साहेबांनी त्याला विचारलं होतं, "तुम्हारा सिखाने वाला कहाँ है?" आणि त्यानं सरळ उत्तर दिलं होतं, "हुज़ूर, अपने बाप को एक्के से ला रहे हैं. क़ायदे से." इन्स्पेक्टरांना ते नीट समजलं नसावं. आम्ही दिसल्यावर मात्र समजलं. त्यांनी हंडे पाहिले, बाई पाहिली, माझे लोंबते पाय पाहिले. मी भोपळ्याआडून नमस्कार केला.

तेवढ्यात पहलवानानं इंजिन सुरू केलं. कोळशाच्या गॅसवरचं इंजिन सुरू होताना बंदुकीसारखा बार काढतं. त्यानं तो काढला. घोडं मागच्या पायांवर उठलं, एक्का एका चाकावर झाला आणि आम्ही सगळे, एकही न चुकता, रस्त्याकडेच्या खळग्यात गेलो. चिखल होता म्हणून निभावलं. दूधवाला हंड्यांवर पडला, नवरा बायकोवर पडला, अण्णा गाठोड्यावर पडले आणि मी उजव्या मनगटावर. भोपळा गडगडत थेट इन्स्पेक्टरांच्या बुटापर्यंत गेला.

इन्स्पेक्टर आणि पहलवान धावत आले. बाकी सगळे शिव्या देत उठले. अण्णांचा गुडघा दुखावला होता, माझं मनगट पाहता पाहता फुगलं. इन्स्पेक्टरांनी अण्णांना दोन्ही हातांनी धरून बसतं केलं आणि पहलवानाला म्हणाले, "इन दोनों को गाड़ी में बिठाओ. हस्पताल ले जाओ."

मी कण्हत म्हणालो, "साहब, माल की गाड़ी है."

"ज़ख़्मी आदमी को ले जाने का छूट है," ते म्हणाले. "पुस्तक नहीं पढ़ा?"

पुस्तक मी वाचलं होतं. त्या ओळीचं हिंदी करता आलं नाही म्हणून ती सोडून दिली होती.

अण्णा लॉरीत पुढं बसले, पहलवान आणि मी यांच्यामध्ये. मांडीवर भोपळा. लॉरी निघाल्यावर त्यांनी सावकाश विचारलं, "ती छूट कसली?" मी सांगितलं. "म्हणजे नियमाला अपवाद होता," ते म्हणाले. "आणि तू मला नियम तेवढा सांगितलास." मग शहर येईपर्यंत ते पहलवानाशीच मराठमोळ्या हिंदीत बोलत राहिले. हा दांडा कशाचा, तो कशाचा, उतारावरून जाताना काय करतोस. पहलवान दर प्रश्नाला हात दाखवून उत्तर देत होता आणि अण्णा मान डोलवत होते.

घरी आम्ही दोघंही जायबंदी. अण्णा गुडघ्याला लेप लावून दिवाणखान्यात बसलेले, मी मनगट गळ्यात बांधून त्यांच्या समोर. बायको दोघांना हळद-दूध द्यायची आणि खांबाआड जाऊन हसायची. परीक्षा जवळ आलेली आणि मला लिहिता येत नव्हतं. एक दिवस अण्णांनी हात पुढं केला. "तुझं ते पुस्तक आण."

मी माझं हिंदी वाचून दाखवलं. चालक को उचित है, वगैरे. अण्णांचा चेहरा एखाद्यानं तुपात खडे टाकल्यासारखा झाला.

"हे सूत्र आहे?" ते म्हणाले. "यात सगळं जग येतं. 'सम्मुख आने वाले किसी प्राणी को.' समोरून माशी आली तर गाडी थांबवायची? आणि मागून आला त्याला चिरडलं तर चालेल? नको तिथं जास्त घेतलंस, आणि हवं ते राहूनच गेलं. हे कुणी पाठ करील?"

"पाठ करायचं कुठं आहे? समजायचं आहे."

"पाठ झाल्याशिवाय वेळेला आठवतं का?" त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मला तो शांतीतला चुकलेला मंत्र आठवला.

मग आमचं काम सुरू झालं. मी इंग्रजी वाचायचो, मराठीत सांगायचो, अण्णा वाद घालायचे आणि शेवटी बोरूनं एक ओळ लिहायचे. शब्द कमी करण्यात त्यांना असा आनंद व्हायचा की एक शब्द गाळला की ते बायकोला हाक मारून वाचून दाखवायचे. शब्दांच्या बाबतीत तीही आमच्यात पडू लागली. तिची हिंदी बाजारातली, म्हणून ड्रायव्हरांच्या जवळची. 'फाटक बंद, गाड़ी बंद' ही ओळ तिची. 'नींद आए, किनारे लगाओ' ही दोघांची मिळून. एका दुपारी अण्णा बराच वेळ बोरू तोंडात धरून बसले, आणि मग त्यांनी लिहिलं, 'माल पर मानुस नहीं.' लिहून झाल्यावर मी त्यांच्याकडं पाहिलं.

"काय बघतोस?" ते म्हणाले. "सूत्र म्हणून चांगलं आहे. माझ्या मताचा इथं संबंध नाही. खाली अपवाद लिही, 'घायल हो तो सही.'"

मनगट गळ्यात घेऊन मी शेडमध्ये गेलो आणि वेदशाळेत आम्हांला शिकवत तसं शिकवायला लागलो. मी एकदा म्हणायचं, त्यांनी मान हलवत दोनदा म्हणायचं. पहिल्याच दिवशी पहलवान जागा राहिला. त्याचा आवाज माझ्याहून मोठा निघाला. चाचांनी ताल धरला. बाहेरच्या रस्त्यावरून जाणारे लोक डोकावून कसलं भजन आहे विचारायचे. साहुजी तर शेडच्या दारात खुर्ची टाकून ऐकत बसायचे, आणि हनुवटी वर करून म्हणायचे, "वाह पंडितजी! अब लगा कि काशी है."

इशाऱ्यांचं मात्र अडलं. उजवा हात झोळीत, म्हणून मी डाव्या हातानं करून दाखवायचो आणि सगळे निमूट डावा हात फिरवायचे. चालत्या लॉरीत डावा हात फिरवला तर शेजाऱ्याच्या नाकावर बसला असता. शेवटी चाचा उठून माझ्या शेजारी उभे राहिले आणि हाताचं काम त्यांनी केलं, तोंडाचं मी.

इन्स्पेक्टर ठरलेल्या दिवशी आले. सगळे ड्रायव्हर अंघोळ करून, तेल लावून बसलेले. साहेबांनी पहलवानाला उभं केलं. "बताओ, रेल का फाटक आए तो क्या करेगा?"

पहलवानानं छाती भरून घेतली, डोळे मिटले आणि सुरू केलं, "पहले ब्रेक, पीछे सड़क..."

"नहीं, नहीं. फाटक."

"...आगे भीड़, पाँव ब्रेक. मोड़ से पहले हाथ बाहर..."

"फाटक पूछा!"

पहलवान डोळे उघडून घाबऱ्या चेहऱ्यानं म्हणाला, "हुज़ूर, बीच से नहीं आता."

मी भिंतीकडं पाहिलं. इन्स्पेक्टरांनी टोपी काढली, साहुजींच्या खुर्चीवर बसले आणि हातानं खूण केली की चालू दे. पहलवानानं पुन्हा सुरुवातीपासून सुरू केलं. फाटक यादीत बरंच खाली होतं. ते आलं तेव्हा त्यानं 'फाटक बंद, गाड़ी बंद' असं काही दणक्यात म्हटलं की बाकीच्यांना राहवलं नाही आणि सगळी शेड पुढचं एका सुरात म्हणायला लागली. इन्स्पेक्टर थांबवायला गेले नाहीत. शेवटची ओळ संपल्यावर ते उठले, साहुजींना म्हणाले, "सब पास." मग माझ्याकडं वळले. "बाप का पैर कैसा है?"

"अच्छा है, साहब."

"और आपका लाइसेंस कहाँ है?"

मी म्हणालो, कसलं लायसन्स?

"सिखाने वाले को गाड़ी चलाना आना चाहिए. हाथ—" ते माझ्या झोळीकडं बोट दाखवून म्हणाले, "—ये ठीक होने पर इम्तहान देना."

मनगट बरं व्हायला मी शक्य तितका वेळ लावला. तरी ते झालंच. शेडमागच्या मैदानात चाचांनी मला लॉरी शिकवली. ते फार सोशिक होते. माझ्या शेजारी बसले की डोळे मिटून ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटायचे. मला वाटायचं माझ्यासाठी दुवा मागतात. परीक्षेच्या दिवशी सगळे ड्रायव्हर, साहुजी आणि घरून हट्टानं आलेले अण्णाही मैदानाच्या कडेला उभे होते. इन्स्पेक्टर माझ्या शेजारी बसले. लॉरी सुरू झाली, चालली. मला स्वतःचा इतका अभिमान वाटला की मळमळसुद्धा विसरलो.

"लेफ्ट टर्न," इन्स्पेक्टर म्हणाले.

मी उजवा हात खिडकीबाहेर काढला. गच्चीवर जसा फिरवायचो तसा, संपूर्ण गोल, पुन्हा पुन्हा, कुठंही घाई न करता. इतका सुरेख इशारा मी आयुष्यात केला नव्हता. चाक फिरवायचं तेवढं राहून गेलं. लॉरी सरळ पुढं गेली, कोळशाच्या ढिगावर निम्मी चढली आणि उसासा टाकून बंद पडली. काचेवर काळी धूळ पसरली. इन्स्पेक्टरांनी रुमाल काढून आधी स्वतःचं तोंड पुसलं, मग तो मला दिला.

"सिग्नल फर्स्ट क्लास," ते म्हणाले. "फेल."

सगळे धावत आले. माझ्या हाताखाली शिकलेला एकजात प्रत्येक माणूस पास झाला होता. चाचांनी माझं धोतर झटकलं. साहुजी म्हणाले, कोई बात नहीं, पंडितजी, पढ़ाना अलग चीज़ है. पहलवान हसू दाबायला पाठ फिरवून उभा राहिला आणि त्याची पाठ हलत होती. अण्णा काठी टेकत आले, ढिगाकडं पाहिलं, लॉरीकडं पाहिलं.

"हात बरोबर फिरवलास," ते म्हणाले. "मी पाहत होतो." मग आम्ही एक्क्यानं मैदागिनला आलो आणि तिथून गल्लीनं घरी. वाटेत भेटेल त्याला अण्णा सांगत होते की मोटारवाल्या साहेबानं मुलाच्या हाताला पहिला वर्ग दिला. पुढचं ते सांगत नव्हते.

लायसन्स मला कधीच मिळालं नाही. मी पुन्हा मागितलं नाही, आणि इन्स्पेक्टरांनीही पुन्हा विचारलं नाही. नवे ड्रायव्हर येत गेले, मी शिकवत गेलो. एकदा भदोहीकडचा एक नवीन माणूस वर्गात आला. त्यानं आदरानं विचारलं, "पंडितजी, आप पहले कौन सी गाड़ी चलाते थे?"

मी तोंड उघडायच्या आतच मागच्या बाकावरून चाचा म्हणाले, "बड़ी गाड़ी. तुम आगे का सबक़ सुनो."

मी घसा साफ केला आणि पुढचा धडा सुरू केला.